यादीतली पहिली विनोदी

वाचनाच्या रविवारी दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की आत माणसं आहेत पण आज विक्री नाही. मागच्या खोलीत लांब टेबल, टेबलावर संहितांचे दोन गठ्ठे, डावीकडे विनोदी, उजवीकडे भय. टेबलाच्या टोकाला नाना. डॉक्टरांनी जिने चढायची आणि आधाराशिवाय उठायची बंदी केल्यापासून त्यांचा पलंगही याच खोलीत आला होता. यंदा न्यायाधीश झोपेतून उठले ते थेट न्यायासनावर येऊन बसले, असं धाकटा म्हणाला. नाना हसले नाहीत. विनोदी गठ्ठा सुरू होईपर्यंत ते हसतच नसत.

हे घर एकांकिकांवर जगत आलं होतं. नाट्यसंस्था, बँका, कॉलेजं, महिला मंडळं, ज्यांना ज्यांना वर्षातून एकदा स्टेजवर चढायची हौस असे, ते सगळे या दुकानाच्या शिफारस यादीची वाट बघत. यादीत बारा नावं असायची, आणि त्या संहिता दुकानच छापून विकायचं. सहा विनोदी, सहा भयाच्या, सगळ्या पाऊण तासाच्या आतल्या आणि सगळ्या आजच्या लेखकांच्या. पात्रं किती, नेपथ्य काय, आणि खाली दादाने लिहिलेल्या दोन ओळी. त्या दोन ओळींवर लोकांचा गाढ विश्वास होता.

विश्वास होता याचं कारण नानांचा नियम. आलेल्या प्रत्येक संहितेचं पहिलं पान, ज्यावर लेखकाचं नाव असतं, ते नाना न वाचता फाडायचे, त्यावर आणि संहितेवर सारखा आकडा घालायचे आणि पान पत्र्याच्या पेटीत टाकायचे. मग घरातली माणसं संहिता मोठ्याने वाचायची. विनोदीत जिथे हसू येईल तिथे दादा समासात पेन्सिलने रेघ मारायचा. भयनाट्य वाचताना मात्र चहा गार व्हायला हवा. कुणी मध्येच घोट घेतला की ती संहिता बाद. निवड झाल्यावरच पेटी उघडायची, आणि तीही एकट्या दादाने, नावं लिहून घेण्यापुरती. ओळखीच्या माणसाची शिफारस होता कामा नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

यंदा टेबलाशी एक खुर्ची जास्त होती. चिमी आली होती, दोन वर्षांनी. नानांची लेक, दोघा भावांच्या मधली ही बहीण. नवऱ्याच्या ऑफिसात आज रविवार असूनही तपासणी होती, म्हणून ती सकाळी एकटीच बसने आली. पाच वाजता तो न्यायला येणार होता.

"एका दिवसासाठी एवढी मोठी बॅग?" दादाच्या बायकोने, वहिनीने, दारातच विचारलं होतं.

"नानांना पांघरुणं आणलीत," चिमी म्हणाली. पण बॅग उचलताना वहिनीला तिचं वजन पांघरुणांचं वाटलं नाही. तिने ती जिन्याच्या पायथ्याशी ठेवली आणि पुढे काही विचारलं नाही.

दुपारपर्यंत तीन भयनाट्यं झाली. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या चौघांत पाचवा माणूस बोलू लागतो, त्या संहितेला टेबलाशी बसलेल्या पाचही जणांचा चहा गार झाला.

"नेपथ्य काही नाही, चार खुर्च्या आणि एक दिवा," धाकटा खुशीत आला. तो नाटकं बसवायचा आणि त्यांत कामंही करायचा. "कुठलंही कॉलेज करेल. लिही, दादा, पाचव्याचा आवाज प्रेक्षकांच्या मागून आला पाहिजे."

"म्हणजे मागच्या रांगेतल्या म्हातारीला झटका," नाना म्हणाले.

"मग प्रयोग गाजला म्हणायचा, नाना."

चिमी हसली. वहिनीने मुद्दाम बघितलं. ती हसली खरी, पण हात तोंडावर घेऊन, आवाज न होऊ देता. लग्नाआधी ही मुलगी हसली की वरच्या मजल्यावर कळायचं.

मग नानांनी डावा गठ्ठा पुढे ओढला. विनोदी सुरू करण्याआधी एक काम उरकायचं असे. गेल्या वर्षीची पहिली विनोदी यंदाही 'पुन्हा शिफारस' म्हणून माथ्यावर ठेवायची का, एवढं विचारायचं. एकाचीही हरकत आली तर ती पुन्हा वाचून ठरवायचं. आजवर हरकत कुणी घेतली नव्हती.

"'सभा तहकूब'," नाना म्हणाले. "किती प्रयोग झाले?"

"सत्तावीस," दादा म्हणाला, वहीत न बघता.

"माझ्या आठवणीत एवढे कुठल्याच विनोदीचे झाले नाहीत. ठेवा माथ्यावर. हरकत?"

"माझी आहे," चिमी म्हणाली.

धाकट्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने टेबलाखालून चिमटा काढला. 'सभा तहकूब' त्याची लाडकी होती. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा वाचली त्याने, आणि नंतर स्वतः पाच वेळा केली. एका घरात रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवरा सभा भरवतो. उपस्थिती दोन, गणसंख्या पूर्ण. विषय क्रमांक एक, भाताला पाणी जास्त. विषय क्रमांक दोन, बाजारात बावीस मिनिटांऐवजी एकतीस मिनिटं. ठराव तोच मांडतो आणि अनुमोदन बायकोने द्यायचं. तिने दिलं नाही तर सभा तहकूब. मग बायकोने न्हाणीघरात बसून विचार करायचा, आणि अनुमोदन आलं की कडी निघते. पाचव्या प्रयोगाला तर बायको आतून "अनुमोदन" म्हणायच्या आधी अख्खं सभागृहच ओरडलं.

"ताई, तू बघितलंस का हे कधी?" त्याने विचारलं.

"बघितलं. यांच्या ऑफिसच्या संमेलनात. पहिल्या रांगेत होतो आम्ही."

"मग? लोक हसत नव्हते?"

"खूप हसले. हेही हसले." चिमी नानांकडे वळली. "ती काढा असं मी म्हणत नाही. विनोदीतून काढा आणि उजव्या गठ्ठ्यात टाका. भयाची आहे ती."

"काहीतरीच!" धाकटा म्हणाला. "दादाने त्रेचाळीस रेघा मारल्यात तिच्यावर. त्रेचाळीस!"

"वाचून बघू या. नवरा तू वाच, बायको मी वाचते."

दादाने पेन्सिल खाली ठेवली. "कशाला? वेळ जाईल. आजच्या अजून पाच संहिता राहिल्यात."

"हरकत आली की पुन्हा वाचायचं," नाना म्हणाले. "नियम आहे तो. वाचा."

दादा खिडकीपाशी गेला आणि त्याने कारण नसताना ती उघडली. आता काय होणार ते चिमीखेरीज त्याला एकट्याला माहीत होतं, म्हणजे तसं त्याला वाटत होतं. आपण हिला आज येऊच द्यायला नको होतं, असा नीच विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्याला लाज वाटली. पण विचार यायचा थांबला नाही.

धाकट्याने तोच आवाज लावला, नाकातून येणारा, कारकुनी, ज्यावर सत्तावीसपैकी पाच वेळा टाळ्या पडल्या होत्या. "सभेला सुरुवात करू या. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात यावं."

"अनुमोदन," चिमी म्हणाली.

नाना सवयीने हसले. दुसरा विषय आला, तिसरा आला. चिमी कागदाकडे बघत नव्हती. तिचं अनुमोदन प्रत्येक वेळी एकाच सुरात यायचं, बसमध्ये वाहकाला थांब्याचं नाव सांगावं तसं. तिसऱ्या अनुमोदनानंतर नाना हसायचे थांबले. धाकट्याला मात्र नटाचा राग आला. समोरचा साथ देत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःचं काम वाढवलं, न्हाणीघराच्या प्रसंगाला टेबलावर मूठ आपटली आणि किंचाळला, "सभा तहकूब!"

"आवाज चढवू नकोस," चिमी म्हणाली. "तुझे भावोजी आवाज चढवत नाहीत कधी. हळू बोलतात. कडी पण हळूच लावतात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

धाकट्याच्या हातात संहिता होती आणि पुढचं वाक्य त्याचंच होतं. ते त्याला तोंडपाठ होतं, पण तोंडातून निघेना.

"ताई," तो म्हणाला, "हे कुणी लिहिलंय?"

"मी."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन वर्षांपूर्वीची ती तीन दिवसांची भेट त्यांना आठवली. तेव्हा ही आली होती, काहीतरी सांगत होती, सभा, कडी, मिनिटं. सांगताना हिची वाक्यं तुटत होती. त्यांना त्यातलं अर्धंमुर्धं कळलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं होतं. घरोघरी असतं, म्हणाले होते ते. चौथ्या दिवशी स्वतः बसमध्ये बसवून दिलं होतं. मग गेल्या वर्षी याच टेबलाशी तेच सगळं नीट रचून, स्वच्छ टाइप होऊन समोर आलं, तेव्हा ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि वहिनीला पाणी आणावं लागलं.

"बोलून झालं होतं माझं," चिमी सांगत होती. "म्हटलं, या घरात बोललेलं ऐकत नाहीत, पण लिहून आलेलं शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणून लिहिलं. जसं घडायचं तसंच लिहिलं, एक वाक्य पदरचं घातलं नाही. पाकिटावर दादाचं नाव टाकलं. आणि पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या, दादा, हे नाटक नाही, वाच आणि मला घेऊन जा."

"पहिल्या पानावर," नाना म्हणाले.

"हो. नाव घातलं होतं म्हणून मला वाटलं, हे पाकीट वेगळं जाईल."

पाकीट वेगळं गेलं नव्हतं. त्या महिन्यात दुकानात येणारं प्रत्येक जाड पाकीट नानांच्या टेबलावर जायचं आणि नाना अभिमानाने, न वाचता, पहिलं पान फाडायचे.

धाकटा दादाकडे वळला. "पेटी तू उघडतोस ना? नावं तू लिहून घेतोस."

"ते पान नव्हतं पेटीत," दादा म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता. "गहाळ झालं असेल. म्हणून तर अनामिक छापलं मी."

चिमीने त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "असेल. मीही मनाला तेच समजावत आले. एक चूक झाली, कुणाचा दोष नाही. पहिले दहा प्रयोग होईपर्यंत मला वाटायचं, आता कुणाच्या तरी लक्षात येईल. मग वाटेनासं झालं."

"मी बघतो त्याला!" धाकटा उठला. "येऊ दे पाचला. तंगडं मोडतो की नाही बघ!"

"तू त्यांना मारलंस तर तेच पोलिसांत जातील, आणि तक्रार इतकी नीटनेटकी लिहितील की तू आत जाशील. बस खाली." तिने हात टेबलावर ठेवले. "ऐका. मी एकदा सांगितलं, एकदा लिहिलं. तिसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही. त्यांच्यासमोर तर माझ्या तोंडून एकच शब्द निघतो, तो तुम्हाला माहीत आहे. ते पाचला येतील. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना सांगायचं की ही येणार नाही, आणि का येणार नाही ते. सांगितलंत तर मी राहीन. नाही सांगितलंत तर मी त्यांच्याबरोबर जाईन. माझ्याकडे तिसरी जागा नाही."

"अगं, पण आम्ही आहोत ना," वहिनी म्हणाली आणि चिमीच्या खांद्यावर हात ठेवला. आज सकाळपासून कुणी या मुलीला हात लावलेला नाही हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. चिमीने तो हात आपल्या हाताने दाबून धरला आणि पाच वाजून गेले तरी सोडला नाही.

उरलेल्या पाच संहिता तशाच राहिल्या.

जावई पाचाला चार मिनिटं कमी असताना आला आणि अर्ध्या शटरबाहेर थांबून राहिला. आतून त्याचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, एकमेकांना चिकटून. बरोबर पाच वाजता तो वाकून आत आला.

"नमस्कार, नाना. तब्येत कशी आहे?" तो खरोखर हळू बोलायचा. विमा कंपनीत अधिकारी, डोक्यावर व्यवस्थित भांग, हातात सफरचंदांची पिशवी. "चालू आहे वाटतं वाचन. मी व्यत्यय आणला."

"बसा," नाना म्हणाले.

तो बसला आणि टेबलावर समोरच पडलेली संहिता बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, 'सभा तहकूब'! हे आमच्या संमेलनात केलं. काय लिहिलंय हो! अगदी आमच्या साहेबांवर बेतलंय. असतात अशी माणसं. मी स्वतः तीन शाखांना शिफारस केली याची." तो धाकट्याकडे वळला. "तुम्ही बसवलं होतं म्हणे मूळचं. त्या नवऱ्याचं काम सोपं नाही. तोल सांभाळावा लागतो."

धाकट्याने तोंड उघडलं. तो रंगभूमीवर दोनदा खून आणि एकदा राज्यत्याग करून आला होता, पण त्या प्रत्येक वेळी वाक्य दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं होतं. समोरचा माणूस त्याचं कौतुक करत होता, नीट, अदबीने, आणि त्या अदबीत घुसायचं कुठून हे त्याला कळेना. "हो," तो म्हणाला. "सांभाळावा लागतो." स्वतःचा आवाज ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना सफरचंदांकडे बघत होते. ते काही बोलणार, असं वहिनीला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी नुसताच घसा साफ केला.

जावयाने घड्याळात बघितलं. "पाच वाजून सहा मिनिटं. सव्वापाचची बस आहे." तो चिमीकडे बघून प्रेमळ हसला आणि टेबलावर बोटाने दोनदा हळूच टकटक केलं. "निघायचं? अनुमोदन?"

चिमीने वहिनीचा हात सोडला. ती उठली, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाली, "अनु..."

"ती येणार नाही," दादा म्हणाला.

तो अजून खिडकीपाशीच होता, पण आता तो आत वळला होता आणि त्याचा चेहरा सगळ्यांना दिसत होता.

"ती येणार नाही, कारण हे नाटक तुमच्या साहेबांवर नाही. तुमच्यावर आहे. हिने लिहिलंय. पहिल्या पानावर दोन ओळी होत्या. दादा, हे नाटक नाही, वाच आणि मला घेऊन जा. ते पान गहाळ झालेलं नव्हतं, नाना. पेटीत होतं. यादी ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी मी ते वाचलं. तोवर आपण सगळे पोट धरून हसलो होतो. मी त्रेचाळीस रेघा मारल्या होत्या. म्हटलं, रविवारी जाऊन तिला घेऊन येतो. रविवारी नानांना बरं नव्हतं. पुढच्या रविवारी यादी छापखान्यात गेली. मग पहिला प्रयोग झाला. मग मी कुठल्या तोंडाने जाणार होतो? पान मी फाडून टाकलं. अनामिक मी लिहिलं. हिला तिथे एक वर्ष जास्त मी ठेवलं. तुम्ही नाही, मी."

जावयाने संहिता आपल्याकडे ओढली आणि तो पानं चाळू लागला, कुठलंही कागदपत्र तपासावं तसा, ओळीवर बोट ठेवून. न्हाणीघराच्या पानावर तो थांबला.

"हे चूक आहे," तो हळू म्हणाला. "दोन तास लिहिलंय. चाळीस मिनिटांच्या वर कधीच नाही. माझ्याकडे नोंद आहे. आणि आत दिवा असायचा, ते लिहिलेलंच नाही."

धाकट्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. नानांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि डॉक्टरांनी बजावलेलं असूनही ते एकटे उठून उभे राहिले. "निघा," ते म्हणाले. "माझ्या घरातून निघा."

जावयाने संहिता बंद केली आणि कडेला सारखी करून ठेवली. "जे काही असेल ते लेखी कळवा," तो म्हणाला, आणि सव्वापाचच्या बसला वेळेत पोचला.

तो गेल्यावर धाकटा टेबलावर डोकं ठेवून रडला. नानांना वहिनीने पलंगावर झोपवलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चिमीकडे बघायचं टाळलं. बघायला हवं हे त्यांना कळत होतं, पण त्यांना ते जमलं नाही.

दादा चिमीसमोर येऊन उभा राहिला. "राहशील ना, चिमे?"

"राहीन," ती म्हणाली. "दुसरी जागा मिळेपर्यंत."

"हे तुझं घर आहे."

"सोमवारी सकाळीही होतं," चिमी म्हणाली. रागाने नाही. ती इतकी थकली होती की राग तिला जड झाला असता. "तू बोललास ते बरं केलंस, दादा. पण आज तरी मला हाक मारू नकोस."

वहिनीने जिन्याच्या पायथ्याची बॅग उचलली आणि ती पुढे झाली. वरची छोटी खोली बरीच वर्षं छापील याद्यांचे गठ्ठे ठेवायला वापरात होती. गादी घालण्याएवढी जागा काढता आली असती. जिना अरुंद होता. वरच्या वळणावर चिमी थांबली, कठड्याला धरून.

"मला काय वाटत होतं माहितीये, वहिनी? की सगळ्यांना माहीत होतं. सगळे मिळून हसले. वर्षभर हाच विचार डोक्यात. आज तू खांद्यावर हात ठेवलास तेव्हा तो गेला." तिचे डोळे पहिल्यांदा भरून आले. "तुला तरी माहीत नव्हतं. एवढ्यावर मी इथे झोपू शकेन."

वहिनीच्या हातात बॅग होती. वर खोली दोन पायऱ्यांवर होती. गप्प राहिली असती तर कुणालाच, कधीच कळलं नसतं. ते पान तिने पाहिलं नव्हतं, पेटी तिने उघडली नव्हती. दादाने खाली जे केलं ते बघितलं नसतं तर ती गप्पच राहिली असती, आणि पुढची कित्येक वर्षं या मुलीने तिच्या गळ्यात पडून रडण्यात दोघींनाही समाधान मिळालं असतं.

"प्रूफं मी वाचते," वहिनी म्हणाली. "प्रत्येक संहितेची तीनदा वाचते. त्यात ती बायको आत बादली पालथी घालून बसते. बादलीची कडी तुटलेली, तिथे साडीची निळी किनार बांधलेली. तुझ्याकडे आले होते तेव्हा मी त्याच बादलीतल्या पाण्याने हात धुतले होते. पहिल्या दोन वाचनांत माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्यांदा आलं."

चिमी तिच्याकडे बघत राहिली.

"मग?"

"मग पुढच्या पानावर गेले," वहिनी म्हणाली. "काय करायला हवं होतं ते कळत होतं मला. पण यादी छापायला जायची होती, आणि मला वाटलं, माझा भास असेल. भास नव्हता. तेव्हाही कळत होतं."

खाली कुणीतरी खुर्ची सरकवली. चिमीने हात पुढे केला, वहिनीच्या बोटांतून बॅगेचा पट्टा सोडवून घेतला, आणि उरलेल्या दोन पायऱ्या एकटी चढून गेली.